परतीचे तिकीट

पहिल्या चाचणीचे पेपर तपासण्याचे दिवस आणि दिवाळी अंकाला मजकूर देण्याचे दिवस एकाच सुमारास यावेत, हा लिहिणाऱ्या शाळामास्तराच्या कुंडलीतला जुना योग आहे. यंदाही माझ्या टेबलावर एका बाजूला संपादकांचे पत्र होते आणि दुसऱ्या बाजूला बेचाळीस निबंध. विषय मीच दिलेला: 'मी पाहिलेले महानगर'. डोंबिवलीच्या मुलांनी मुंबईवाचून दुसरे कोणते महानगर पाहिलेले असणार? तेव्हा बेचाळीसही निबंध मुंबईवर होते आणि त्यांतल्या निदान तिसांची सुरुवात एकच होती. मुंबई ही स्वप्ननगरी आहे. मुंबई कधी झोपत नाही. मुंबई कोणाला उपाशी ठेवत नाही. ही तीन वाक्ये लिहिणारा मुलगा स्वतः रात्री साडेनऊला झोपतो आणि त्याचे वडील रात्री दहानंतर त्या न झोपणाऱ्या नगरीतून घरी येतात तेव्हा त्यांचे जेवण व्हायचे असते, हे मला ठाऊक आहे. पण त्या मुलाला ते निबंधात लिहिण्याजोगे वाटत नाही.

मुलांना तरी काय म्हणून बोल लावावा? त्यांच्या वयाचा असताना मीही हेच लिहीत होतो, आणि मनापासून लिहीत होतो. दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी वडील आम्हाला मुंबई दाखवायला नेत. आदल्या रात्री आई दशम्या करून ठेवी. सकाळची गाडी, खिडकीची जागा, मग दिवा स्टेशन मागे पडले की पारसिकचा बोगदा. १९१६ साली खुला झालेला हा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा म्हणजे आम्हा मुलांना नाटकाचा पडदाच वाटे. गाडी आत शिरली की अवघा डबा ओरडे. अंधार सरला आणि कळव्याचा उजेड डोळ्यांवर आला की मुंबई सुरू झाली असे आम्ही समजत असू. २०२२ साली नवे रूळ पडले आणि जलद लोकल त्या बोगद्यातून जाईनाशा झाल्या; आजच्या मुलांना हा पडदा नाही. मग राणीचा बाग, गेटवे, हँगिंग गार्डनसमोरचा म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालयातले मासे, दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची पुढची जागा, आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून राणीच्या हाराचा एकेक मणी लागताना पाहणे. परतताना मी वडिलांच्या खांद्यावर झोपलेला असे.

या सहलीतली एक बारीकशी गोष्ट मला पुष्कळ उशिरा उमगली. आईच्या पर्समध्ये तिचे आणि आम्हा भावंडांचे परतीचे तिकीट असे. वडिलांचे तिकीट कधी काढावेच लागत नसे. त्यांच्या खिशात पास होता. सोमवार ते शनिवार ज्या मुंबईच्या नावाने ते बोटे मोडीत, तिचेच ते रविवारी यजमान होत. आम्ही चौघे दिव्यांकडे तोंड करून बसलेलो असू, आणि वडील दिव्यांकडे पाठ करून मनगटावरचे घड्याळ पाहत असत. आम्हाला वाटे, वडिलांना सौंदर्यदृष्टी नाही.

आज मला वाटते की महानगरावर लिहिलेले कोणतेही पुस्तक हाती आले तर पहिला प्रश्न हाच विचारावा: लिहिणाऱ्याच्या खिशात काय आहे? परतीचे तिकीट, एकेरी तिकीट, की पास? नगरीची मोहिनी तीच असते. पण ती या तिघांना तीन तऱ्हांनी दिसते. आणि पुस्तक खरे उतरले की खोटे, हे बहुधा लेखक आपला खिसा उघडा करून दाखवतो की लपवतो यावर ठरते. मी काही पंडित नव्हे. माझे स्वतःचे शिक्षण शाळेच्या फाटकापलीकडे फारसे गेलेले नाही. पण वाचत आलो त्यावरून जे वाटले ते वाचकांपुढे ठेवतो.

*

परतीच्या तिकिटाचा मराठीतला मोठा लेखक म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या गावचा हा भिक्षुक, डोक्यावर कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी वार्ता ऐकून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडाच्या धुमाळीत सापडला. 'माझा प्रवास' त्यांनी पंचवीसएक वर्षांनी, १८८३ च्या सुमारास आठवणीने लिहिला आणि चिं. वि. वैद्यांनी तो १९०७ साली छापून आणला. या पुस्तकातली झाशी वाचावी. राजवाडा, दानधर्म, पोथ्यांचा संग्रह, राणीसाहेबांची दिनचर्या, सगळे गोडसे भटजी डोळे विस्फारून सांगतात. गरिबीतून आलेल्या माणसाला वैभव दिसते तसे ते दिसते. त्यात लाज नाही की आव नाही. आणि मग १८५८ साली तीच नगरी त्यांच्या डोळ्यांदेखत लुटली जाते, जाळली जाते. तेथेही ते तसेच बारकाईने पाहतात. राजवाड्यातले धन गेले त्याचे दुःख त्यांना आहेच. पण पोथ्यांचा नाश झाला त्याचे त्यांना जे वाटते ते वाचताना आपलाही जीव कळवळतो.

त्यांच्या वर्णनाची जादू कशात आहे? भटजी आपला खिसा कोठेही लपवत नाहीत. आपण दक्षिणेसाठी निघालो, इथे इतके मिळाले, तिथे लुटले गेले, अमुक ठिकाणी पोटभर जेवलो, हे ते स्वच्छ सांगतात. त्यामुळे झाशीचे वैभव ते सांगतात तेव्हा आपला विश्वास बसतो. शेवटी काही वर्षांनी ते घरी आले ते धन घेऊन नव्हे, तर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. परतीच्या तिकिटाची एवढी किंमत मराठी प्रवासवर्णनात दुसऱ्या कोणी मोजलेली मला तरी आठवत नाही.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. आमच्या शेजारच्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तो पदवीदान समारंभ पाहण्यासाठी १८८६ साली रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. पुढे १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. दिव्यांच्या माळा आणि उंच इमारती पाहून थक्क व्हायला या बाईंना फुरसत नाही. शाळा कशा चालतात, बायकांच्या संस्था कशा उभ्या राहिल्या, पैसा कोठून येतो, याकडेच त्यांचे लक्ष. परत जाऊन आपल्या मुलींसाठी यातले काय नेता येईल, हे मनात धरून पाहणारी ही दृष्टी आहे. पुस्तकाच्या नावातसुद्धा लोकस्थिती आधी आणि प्रवासवृत्त मागून! ज्यांना नुसती मौज हवी त्यांना हे पुस्तक रुक्ष वाटेल. पण एखादी कर्ती गृहिणी दुसऱ्याच्या घरी गेली की दिवाणखान्यापेक्षा स्वयंपाकघर आधी पाहते, त्यातलाच हा प्रकार आहे.

आता आपल्या सर्वांच्या आवडीचे नाव. १९६० साली पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' पुस्तकरूपाने आली. शि. द. फडणीसांची चित्रे, आणि आत लंडन-पॅरिसची सफर. घराघरांतून मोठ्याने वाचले गेलेले हे प्रवासवर्णन. माझ्या घरीही ते आईने वाचून दाखवले, तेव्हा वडील पासाच्या पाकिटाने वारा घेत ऐकत आणि हसत असत. त्याआधी अनंत काणेकरांनी १९४० साली 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' लिहून मराठी प्रवासवर्णनाला ललित निबंधाचे अंग दिले होते. गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे'ही १९५९ सालचे. पण पुलंनी जे केले ते निराळेच. ते परक्या नगरीत आपली चाळ बरोबर घेऊन गेले. 'बटाट्याची चाळ' दोनच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेली होती. तिच्यातली माणसे जणू सामानातून त्यांच्याबरोबर हिंडत असतात. युरोपातल्या भव्य देखाव्यापुढे उभा असलेला मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ आधी दिपतो, मग स्वतःच्या दिपण्याला हसतो, आणि त्या हसण्यातून तो देखावा आपल्याला अधिकच गोड लागतो. 'मी पाहुणा आहे, चार दिवसांनी परत जाणार आहे' हे पुलं एका क्षणासाठीही विसरत नाहीत. त्यांची विनोदबुद्धी म्हणजे त्यांचे परतीचे तिकीट आहे, आणि ते त्यांनी हातात धरून सर्वांना दाखवले आहे.

अडचण झाली ती त्यांच्या मागून आलेल्यांची. नक्कल करणाऱ्यांनी देखावा उचलला आणि स्वतःला हसणे तेवढे मागे ठेवले. मग टॉवर, पूल, कारंजे, नदी आणि 'काय वर्णावी शोभा' यांची रांग लागली. विमान स्वस्त झाल्यावर तर ही रांग दिवाळी अंकांच्या दारापर्यंत येऊन ठेपली. तिकिटाचा खर्च कोणी केला, बरोबर कोण होते, घरी काय सोडून आलो, यांतले काहीही न सांगता जो नगरीचे गुणगान करतो, त्याच्या आणि माहितीपत्रकाच्या भाषेत फरक राहत नाही. माझ्या वर्गातली ती तीस वाक्ये त्याच रांगेतून आलेली आहेत.

*

आता एकेरी तिकिटाकडे येऊ.

गोविंद नारायण माडगावकर हे गोव्याचे. लहानपणीच मुंबईत आले आणि मुंबईचेच झाले. तेही शिक्षक होते, म्हणून मला त्यांचा विशेष जिव्हाळा. त्यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघाले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ. दहा वर्षांपूर्वी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी सुटली होती, चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन. पुढल्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली. नगरी डोळ्यांसमोर पालटत होती आणि हा मास्तर वही घेऊन ती टिपून ठेवत होता: देवळे, तळी, बाजार, शाळा, छापखाने, नाना जातींचे लोक आणि त्यांचे धंदे.

खरे सांगायचे तर काही पाने कंटाळवाणी आहेत. याद्या, आणि याद्यांमागून याद्या. पण ही यादी घरच्या माणसाने केलेली आहे. लग्नघरात सामान किती आले, किती गेले, हे जशी घरची आत्या मोजून ठेवते तसे माडगावकर मुंबई मोजतात. पाहुणा मोजत नाही. तो वाहवा करतो. मोजतो तो ज्याला इथेच राहायचे आहे तो. व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत तेव्हा नव्हती. तिचे काम १८७८ साली सुरू होऊन १८८८ साली संपले. राजाबाई टॉवर नव्हता, गेटवे नव्हते, राणीचा हार नव्हता. आज आपण मुंबईची म्हणून जी जी शोभा सांगतो तिच्यातले जवळजवळ काहीच नव्हते, आणि तरी मुंबईवर एवढे प्रेम करणारे पुस्तक लिहिले गेले. याचा अर्थ काय तो वाचकांनीच लावावा.

याच एकेरी तिकिटाची दुसरी गोष्ट सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याची आहे. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे तमाशात जाऊन पठ्ठे बापूराव झाले आणि मुंबई गाजवून त्यांनी मुंबईवर लावणी रचली. त्यात नगरीचा थाट आहे, पाहण्याजोगी स्थळे आहेत, शहर पाहून हरखलेल्या मनाचा ठेका आहे. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. गाडीभाड्याला पैसे नाहीत म्हणून लहानपणी आईबापांबरोबर पायी चालत मुंबईस आले. गिरणीत काम केले, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले. त्यांनीही मुंबईवर लावणी रचली, आणि बापूरावांच्या लावणीला ते जणू उत्तरच होते. मलबार हिलची उंची तिच्यातही आहे, पण ती खालून पाहिलेली आहे. एकाच तालुक्याची दोन माणसे, एकच नगरी, एकच लावणीचा बाज. आणि चित्रे मात्र दोन! मंचावरून दिसणारी मुंबई आणि गिरणीच्या दारातून दिसणारी मुंबई यांतली खरी कोणती, हा प्रश्न व्यर्थ आहे. दोन्ही खऱ्या आहेत. फक्त एकीच्या खालच्या अंगाला दुसरी असते, आणि ते सांगायला दुसऱ्या माणसाला यावे लागते.

'माझी मैना गावावर राहिली' या अण्णा भाऊंच्या गीताकडेही या दृष्टीने पाहावे. नगरीचा झगमगाट त्यात आहे. पण तो ज्याच्या डोळ्यांत भरतो त्याचे मन गावी राहिलेल्या बायकोपाशी आहे. एकेरी तिकिटावर आलेल्या माणसाला परतीच्या वाटेचे जे दुःख असते ते या गीताच्या चालीतच उतरलेले आहे, म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते हजारोंच्या कंठी बसले.

याच अण्णा भाऊंना १९६१ साली सोव्हिएट रशियाला जाण्याचा योग आला. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्यांचे पुस्तक मी दोनदा वाचले. आयुष्यात प्रथमच त्यांच्या खिशात परतीचे तिकीट होते. पण नजर मात्र चिरागनगरचीच होती. मॉस्को पाहताना ते चिरागनगर विसरत नाहीत. गुण सांगितला तसा दोषही सांगितला पाहिजे. भक्ताने देवळात जावे तसे ते तेथे गेले आहेत. देवळाच्या भिंतीला पडलेली भेग भक्ताला दिसत नाही, ती त्यांनाही दिसली नाही. पण त्यांनी आपली भक्ती लपवलेली नाही. ती लपवली असती तर पुस्तक खोटे झाले असते. नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ सालचे. गिरणीकामगाराने उचलून आणलेल्या या अनाथ मुलाने शहरालाच विद्यापीठ म्हटले, तेव्हा त्याला शहराच्या दिव्यांविषयी बोलायचे नव्हते.

*

राहिला पास.

डोंबिवलीहून मुंबईचे टोक रुळांनी सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर. जलद गाडीने तासाहून थोडे अधिक, तेही गाडीत शिरायला मिळाले तर. पासवाला हा पाहुणा नव्हे आणि रहिवासीही नव्हे. मुंबईत त्याचे आयुष्य जाते, पण मुंबईत त्याचे घर नसते. गाडी रोज घाटकोपरवरून जाते, चिरागनगर तिथून जवळच. पण त्याला दिसते ती पुढच्याची पाठ. दादर आले की डबा हलका होतो, आणि तेव्हा कोठे त्याला आपले दोन्ही पाय जमिनीवर आहेत हे कळते. ज्या स्टेशनला २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, परदेशचे लोक मान वर करून ज्याचे घुमट पाहतात, त्याच स्टेशनातून तो मान खाली घालून धावत बाहेर पडतो.

आणि कधी कधी तर त्याचे परतणेही राहून जाते. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्या दिवशी आमच्या शाळेत पालकांच्या फोनची रीघ लागली होती. बाबांचा फोन लागत नाही म्हणून रडणाऱ्या मुलांना वर्गात कविता शिकवण्याचा प्रसंग कोणा शिक्षकावर न येवो.

या पासवाल्याची मुंबई आमच्या साहित्यात कितीशी आली? शं. ना. नवरे यांच्यासारखा कथाकार आमच्याच गावात राहिला आणि मध्यमवर्गीय घराची माया त्याने जाणून लिहिली. कथा-कवितांतून लोकल येते, गर्दी येते, चौथ्या सीटचा विनोद येतो. पण नगरीचे सौंदर्य सांगण्याची वेळ आली की आपण सारे पासवाले एकदम परतीच्या तिकिटाची भाषा बोलू लागतो. मी स्वतः याला अपवाद नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीत नायक आणि नायिका रात्री मरीन ड्राइव्हवर बसून अडीच पाने दिवे पाहतात. त्या अडीच पानांत दोघांपैकी एकालाही डोंबिवलीची गाडी गाठायची घाई नाही! एवढे खोटे मी एरवी कोठे लिहिलेले नाही.

*

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. काही वर्षांपूर्वी याच विषयावर मी निबंध दिला होता. एका मुलीने पानभरच लिहिले. तिची आई फोर्टाकडच्या एका उंच इमारतीत कचेऱ्यांची साफसफाई करी; पहाटेच्या गाडीने जाई. मुलीने लिहिले होते ते मला शब्दशः नव्हे, पण जवळजवळ तसेच आठवते. माझ्या आईची मुंबई बाविसाव्या मजल्यावर आहे. तिथून समुद्र दिसतो. पण काच पुसताना आई समुद्राकडे बघत नाही, काचेकडे बघते. कारण डाग काचेवर आहे की पलीकडे, ते ओळखावे लागते. आई पोहोचते तेव्हा राणीचा हार विझत असतो. मुंबई रोज पुसावी लागते.

मी लाल शाईने शेरा मारला: 'वर्णन अपुरे. विषय सोडून लिहिले आहे.' दहापैकी चार गुण.

पालकसभेला तिची आई आली. रजा टाकून आली असावी. वही पुढे करून तिने विचारले, "सर, हिनं खोटं लिहिलंय का?"

"छे, छे. खोटं नाही. पण निबंधात वर्णन यायला हवं. शहराची शोभा, प्रेक्षणीय स्थळं..."

"ती हिनं पाहिलीच नाहीत, सर. मग तिनं ती लिहायची कशी?"

मी काहीतरी उत्तर दिले. पाठ्यपुस्तकातला निबंध पाहून सराव करायला सांगा, असे काहीसे असावे. बाईंनी मान डोलावली, वही पिशवीत घातली आणि त्या गेल्या. दिवसभर मला चैन पडले नाही. माडगावकर मास्तरांनी ज्या नजरेने मुंबई मोजली तीच नजर त्या मुलीपाशी होती, आणि मी तिला पाहुण्याची भाषा शिकवत होतो. जिची आई नगरी रोज पुसते तिला मी सांगत होतो, नगरी कशी चकचकीत दिसते ते लिही!

गुण मी नंतर वाढवले. पण गुण वाढवल्याने शेरा पुसला जात नाही. मुलीने पुढच्या निबंधात 'स्वप्ननगरी' लिहिले, तेव्हा मला माझी शिक्षा मिळाली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तीच मुलगी मधल्या सुट्टीत आपणहून सांगायला आली. "सर, आईनं मला राणीचा हार दाखवला." भाऊबिजेच्या संध्याकाळी दोघी गेल्या होत्या. मुलीचे परतीचे तिकीट, आईचा पास. मी विचारले, "मग? कसा वाटला?"

"छान आहे," ती म्हणाली. "पण आधी आई मला त्या बिल्डिंगखाली घेऊन गेली. आम्ही खालून मजले मोजले. बावीस. आई म्हणाली, ती बघ आपली काच. मग आम्ही हार बघितला."

वाचकहो, मोहिनी नाकारावी असे मी म्हणत नाही. २०१५ च्या सुमारास मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे लावले तेव्हा मुंबईकरांनी केवढी ओरड केली! दिव्यांच्या रंगावरून माणसे भांडली, कारण तो रंग त्यांच्या आठवणीचा होता. देखाव्यावर प्रेम करणे हा माणसाचा हक्कच आहे. आमच्या डोंबिवलीलाही देखावा काही कमी प्यारा नाही. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली आमच्याच गणेश मंदिराच्या अंगणातून निघाली आणि पुढे गावोगाव पसरली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नवे कपडे घालून जी तरुणाई लोटते ती पाहायला बाहेरगावचे लोकही येतात. त्या दिवशी आम्ही यजमान असतो आणि ते पाहुणे. त्यांनी खुशाल आमची वाहवा करावी. पण फडके रोड दुपारी कोण झाडतो, हे आम्हाला ठाऊक असले पाहिजे.

यंदा बेचाळीस निबंध मी परत केले, तेव्हा कोणाचेही गुण कापले नाहीत. फक्त प्रत्येकाच्या वहीत तळाशी एक प्रश्न लिहिला: 'हे तू कोठे उभे राहून पाहिलेस?' काही पोरे हसली. एकाने विचारले, "सर, गाडीच्या दारात उभं राहून पाहिलं असं लिहिलं तर चालेल का?" मी म्हटले, "लिहिलेले चालेल. उभे राहिलेले चालणार नाही."

दिवाळीत आपण कोणती नगरी पाहायला जाल ती मनसोक्त पाहा. बरोबर फराळाचा डबा असू द्या, आणि घरातल्या पासवाल्याला त्या दिवशी एकदा तरी दिव्यांकडे तोंड करून बसवा. घड्याळ तुम्ही सांभाळा.